चार भाषांचा बंदेनवाज

बंदेनवाजचा आवाज असा, की थेटरात अगदी मागं बसलेल्यालाही तो आपल्याच कानाशी बोलतोय असं वाटे. सोलापुरात मुके सिनेमे चालायचे तेव्हा पडद्यावर उमटणारी अक्षरं वाचता येणारे थोडे. बंदेनवाज पडद्याशेजारी उभा राहून ती मराठीत सांगे, मग कानडीत, तेलुगूत. आणि राजा चिडला असला की खास दखनीत. बारा वर्षं त्याचं पोट या आवाजावर चाललं.

मग बोलपट आला. पहिल्याच खेळाला हा सवयीनं आपल्या जागी जाऊन उभा राहिला. नायिका बोलू लागली तसा हाही सुरू झाला. गिरणीतली माणसं ओरडली, "ओ बंदूभाई, खाली बसा की! बाई काय म्हणतीया ऐकू द्या!"

तो बसला. बाई खरंच झकास बोलत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मालकानं विडा देऊन त्याला निरोप दिला.

आठवडा गेला तशी त्याची बायको बिबीजान म्हणाली, "मुंडी खाली डालको बैठे तो काम चलको घरकू आताय क्या?"

तो उठला. गिरणीच्या फाटकावर भरती बंद होती. दोस्त लालसाबनं आपल्या बांगड्यांच्या दुकानात घेतलं. पण बंदेनवाज बोलता बोलता हातवारे करी आणि दिवसाला डझनभर बांगड्या फोडी. चौथ्या दिवशी लालसाबनंच हात जोडले.

तिथून परतताना मोटार अड्ड्यावर त्याला गलका ऐकू आला. चन्नम्मा नावाची म्हातारी कोंबडी घेऊन बार्शीच्या गाडीत बसली होती. "म्हातारे, उतर की, ही गाडी बार्शीची हाय!" ड्रायव्हर ओरडत होता. तिला मराठी कळेना. कोंबडीवरूनच बोलतोय असं समजून ती कोंबडी पदराखाली आणखी दडवत होती.

बंदेनवाजनं पुढं होऊन तिला कुठं जायचंय ते कानडीत विचारलं, आणि पलीकडच्या गाडीकडं बोट दाखवलं. "अव्वा, इदु बार्शी गाडी. मंद्रूप गाडी अल्लि अद!"

म्हातारी हसत उतरली. याला मात्र आता थांबवेना. "मंद्रूपवाले हिकडं! बार्शीवाले तिकडं!" चारही भाषांत त्यानं अड्डा दणाणून सोडला, आणि घटकाभरात जो तो आपापल्या गाडीत जाऊन बसला.

दोन मोटारींचा मालक हिंदुराव हे बघत होता. "कोण रं तू?"

"सिनेमात बोलत होतो, मालक. आता सिनेमाच बोलाय लागला."

"मग उद्यापासनं हितं बोल. पर थोडक्यात."

"ते न्हाय जमायचं."

हिंदुराव खदखदून हसला. "बरं, गाडी भरस्तवर बोल!"

महिन्याभरात त्यानं बंदेनवाजला कंडक्टर करून मंद्रूपच्या गाडीवरच घेतलं. एका बाजारच्या दिवशी गाडी मंद्रूपला येऊन थांबली तरी कुणी उतरेना. बंदेनवाज वाटेत सांगत होता त्या गोष्टीतला राजपुत्र अजून भुयारातच होता. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. पाटीवाल्या बाया म्हणाल्या, "थांब की रं, त्याला भाईर तर येऊ दे!"