कपाळावर न लिहिलेली वेळ

पासष्टची लढाई थांबली, त्यानंतरच्या हिवाळ्यात आमची बटालियन उत्तरेच्या डोंगरात होती. मी आर्मी मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नाईक. बटालियनच्या मदत केंद्रावर कॅप्टन डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होतो. बुलढाणा जिल्ह्यातले आम्ही तिघेच. मी मलकापूरचा. नामदेव चिखलीचा, तो जखमींना उचलून आणणारा स्ट्रेचर बेअरर. काशीराम साखरखेर्ड्याचा, रायफल कंपनीतला सिपाही. सुट्टीवर तिघे एकाच गाडीने मलकापूरला उतरायचो. माझ्या घरी जेवून ते दोघे एसटीने पुढे जायचे.

माझं काम सिव्हिलियन माणसाला नीरस वाटेल. पाणी उकळणं, पट्ट्या गुंडाळणं, पायांची तपासणी. एकच वस्तू कुलपात असायची, मॉर्फिया. टूथपेस्टची असते तशी इवलीशी नळी, टोकाला सुई. दंडात टोचायची आणि नळी दाबायची. वेदना थांबते. पण जास्त झालं तर श्वासही थांबतो, म्हणून नियम कडक होता. सुई दिली की जखमीच्या कपाळावर पेन्सिलने एम काढायचा, खाली वेळ लिहायची आणि रिकामी नळी त्याच्या कॉलरला टोचून ठेवायची. जखमीच्या नोंदीचं कार्ड हरवलं तरी पुढच्या डॉक्टरला कपाळ दिसतंच. थंडीने गारठलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कॅप्टनसाहेब बजावायचे. त्याचं रक्त नीट फिरत नसतं, औषध कातडीखाली तसंच पडून राहतं. तो ओरडतो म्हणून दुसरी सुई द्यायची नाही. अंगात ऊब आली की दोन्ही एकदम रक्तात उतरतात.

नामदेवकडे कंपनीसाठी दोन नळ्या असत. सुभेदाराच्या हुकमाशिवाय त्या वापरायच्या नाहीत. महिन्यापूर्वी त्याच्याकडून एक फुटली होती, तेव्हा त्याला सात दिवसांची शिक्षा झाली होती.

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला गस्तीवर काशीरामचा पाय सुरुंगावर पडला. सव्वासातला नामदेव आणि त्याचा जोडीदार त्याला घेऊन आले. डाव्या पायाचं पाऊल गेलं होतं. अंग बर्फासारखं, ओठ निळे. कपाळ कोरं होतं आणि कॉलरही.

"सुई दे ना बे," काशीराम मला म्हणाला. "मले सहन नाही होऊन राह्यलं."

मी नामदेवला विचारलं, "वर सुई देल्ली काय?"

"नाही."

"पक्कं?"

"नाही देल्ली म्हनलं ना."

कॅप्टनसाहेब दुसऱ्या कंपनीत गेले होते. मी वायरलेसवर बोललो.

"मॉर्फिया मिला क्या? ओव्हर."

"नहीं मिला, साब. ओव्हर."

"एक दो. टाइम लिखो. मैं आ रहा हूँ. आउट."

साडेसातला मी उजव्या दंडात सुई दिली. कपाळावर एम काढला, वेळ लिहिली. डावी बाही वर करून पाहिली नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पाहिली असती. नामदेव माझ्या आईच्या हातचं जेवलेला माणूस, त्याच्या शब्दावर काय संशय घ्यायचा?

कॅप्टनसाहेब पोचायच्या आधीच आम्ही निघालो आणि साडेआठला त्याला खाली सर्जनच्या तंबूत पोचवलं. तिथे शेगडी पेटलेली होती. ब्लँकेटं घातली, प्लाझ्मा सुरू झाला. रंग परतला, नाडी भरली. सर्जन म्हणाले, दहाला ऑपरेशन करू, वाचेल. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन चहा प्यालो. परत आलो तेव्हा काशीराम घोरत होता. मिनिटाला सहा श्वास, मग चार. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही आळीपाळीने त्याची छाती दाबून श्वास देत राहिलो. नऊ पन्नासला सर्जनांनी हात थांबवायला सांगितलं.

कपडे कापताना डाव्या दंडावर सुईची खूण दिसली.

नामदेव कुकहाऊसच्या मागे बसला होता. मी काही विचारायच्या आधीच रडायला लागला. "सहा पन्नासले म्याच देल्ली. तो लय ओरडत होता. सुभेदार जवळ नव्हता, हुकूम कोनाचा घेऊ? नळी बर्फात फेकली. चौकशीत सांगतो मी, तुह्यावर येऊ नाही देत."

मी त्याचे डोळे पुसले. आजही त्या गोष्टीची मला चीड येते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तो सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "मैंने सुई नहीं दी, साब. एक नली बर्फ में गिर गई." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दंडावरची खूण मी सांगितली, पण ती प्लाझ्माच्या सुईचीही असू शकते असं ठरलं, पुरावा म्हणून टिकली नाही. वायरलेसवर 'नहीं मिला' म्हणणारा आवाज माझा होता. तपासणी न करता सुई दिली म्हणून माझी नाईकची फीत उतरली. तेवढा दोष माझा होताच, तो मी मान्य केला.

सुट्टीवर मी साखरखेर्ड्याला गेलो. नामदेव माझ्या आधी जाऊन आला होता. काशीरामचे वडील ओट्यावर बसले होते. बस म्हणाले नाहीत.

"सुई तूच देल्ली ना?"

"हो बाबा."

ते उठून आत गेले. दार लावलं नाही, पण मी उंबरा ओलांडू शकलो नाही.

पेन्शनीत आल्यावर मलकापूरला एका सर्जनकडे ऑपरेशन थिएटरात लागलो. एका सकाळी चिखलीहून जीपमधून अडकलेल्या हर्नियाचा पेशंट आला. नामदेवच होता. घामाने भिजलेला. भूल द्यायच्या आधी प्रत्येकाला विचारायचो तेच मी त्याला विचारलं.

"आधी कुठं सुई घेतली काय?"

त्याने मला ओळखलं. मग भराभर बोलला, "हो. चिखलीले. सकाळी सातले, पेथिडीन. चिठ्ठी खिशात आहे. डॉक्टरले सांगजो बरं, विसरू नको."

म्हणजे याला खरं बोलता येत होतं. श्वास स्वतःचा असला की येत होतं.

पेथिडीनही मॉर्फियाच्याच जातीचं. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुढची सुई दिली नाही. चिकटपट्टीवर औषध आणि वेळ लिहून मी ती त्याच्या कपाळावर लावली. ऑपरेशन झाल्यावर संध्याकाळपर्यंत त्याचे श्वास मोजत बसलो. एकही चुकवला नाही. शुद्धीवर आल्यावर मी त्याला एवढंच म्हणालो, साखरखेर्ड्याला जाऊन म्हाताऱ्याला सांग. तो हो म्हणाला. आठव्या दिवशी टाके काढून जीपमध्ये बसला आणि चिखलीला उतरला. पुढे साखरखेर्ड्याला गेला नाही. म्हातारा मला दोषी धरूनच वारला.

काशीरामचं कार्ड अर्धवट राहिलं होतं. ते आता पूर्ण करतो.

सिपाही काशीराम, राहणार साखरखेर्डा. सुरुंगाची जखम, डावा पाय. मॉर्फिया, डावा दंड, सकाळी सहा पन्नास, देणारा नामदेव. मॉर्फिया, उजवा दंड, सकाळी साडेसात, देणारा मी. मृत्यू नऊ पन्नास. ऑपरेशन दहाला होतं.