वऱ्हाडाच्या गाण्यानंतर

मी आणि माझा मित्र दोघेही यवतमाळकडचे, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एकाच कंपनीत कामाला. संध्याकाळी त्याच्या खोलीवर बसून आम्ही वऱ्हाडावर एक गाणं केलं. शब्द माझे, चाल आणि गिटार त्याची, गायलो दोघं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत, उन्हानं तापलेले पत्रे, निंबाची सावली. नेटवर टाकलं आणि गावाकडच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. वरातींत वाजू लागलं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळानं आम्हाला गायला बोलावलं. हौसेपोटी मंडळवाल्यांनी त्याच्या वडिलांनाही गावाहून आणलं, त्याला न सांगता. गाणं संपलं, टाळ्या चालू असतानाच म्हाताऱ्याला मंचावर आणून शाल पांघरली. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला.

वडिलांनी माइक हातात घेतला. "टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नाही. म्या लय घाव घातले, तवा हे पोरगं घडलं."

लोक हसले. मित्रानं गिटार खाली ठेवली, चालत गेला आणि माइक धरलेला तो हात पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज स्पीकरमधून हॉलभर ऐकू आला. म्हातारा कोसळला, तरी हा लाथा घालतच होता. मी कमरेला विळखा घालून त्याला मागे ओढलं, तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. समोरचा दात तुटला. खाली बायका मुलांचे डोळे झाकत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हुआ?"

"सीढ़ी से गिर गया," वडील म्हणाले.

"खोटं आहे. मी मोडलाय," मित्र दारातूनच ओरडला. मग वडिलांकडे वळला. "मी सातवीत असताना माझा हात मोडलात, तेव्हाही तुम्ही डॉक्टरांना असंच सांगितलंत. निंबावरून पडला म्हणून."

वडिलांनी त्याच्या हाताकडे बघितलं. "दुखते का अजून?"

"थंडीत दुखतो."

वडिलांनी पोलिसांत जाऊ दिलं नाही. प्लास्टर घातल्यावर मीच त्यांना हावड्याला गाडीत बसवून दिलं. मित्र आला नाही.

गाणं काढून टाकू का, असं मी त्याला नंतर विचारलं. "राहू दे," तो म्हणाला, "पऱ्हाटी काही खोटी नव्हती." कार्यक्रमांची बोलावणी अजून येतात. तो जात नाही, म्हणून मीही जात नाही.