दाभण आत्याने शिवलेलं कव्हर

घरात सगळे तिला दाभण म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दाभण म्हणजे गाद्या शिवायची ती जाड, लांब सुई. आत्याच्या कारखान्यात अशा नऊ दाभणी भिंतीवर टांगलेल्या होत्या, आणि दहावी तिच्या तोंडात आहे असं तिचे दोन्ही भाचे म्हणायचे. चाळीस वर्षं ती सोफे, बसची बाकं, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या शिवत आली होती. नवीन करून देण्यात तिला रस नव्हता, मोडलेलं पुन्हा उभं करण्यात होता. 'टाकून द्या' असं कुणी म्हटलं की तिचं पित्त खवळायचं. टाकायला काय अक्कल लागते, म्हणायची, ते कुणालाही येतं!

आणि त्या रविवारी भावाच्या घरी, जेवणं उरकल्यावर, नेमकं तेच कुणीतरी म्हणालं. कोण, तर धाकट्या भाच्याची बायको. ही बाई एरवी इतकी हळू बोलायची की शेजारच्याला कान द्यावा लागायचा.

"बाळाची गाडीतली सीट बदलायची वेळ झालीय," ती म्हणाली. "लहान पडतेय. या आठवड्यात नवीन घेऊ म्हणते."

"पाय दुमडतात म्हणून?" आत्याने विचारलं.

"पाय दुमडले तरी चालतं, आत्या. डोकं बघायचं असतं. सीटच्या वरच्या कडेपासून डोकं निदान दोन बोटं खाली हवं. मागच्या महिन्यापर्यंत दोन होती. आज एकच राहिलंय."

"दर रविवारी बोटं मोजते ही!" थोरला भाचा हसत सुटला. धाकटा मात्र बायकोकडे न बघता फोनमध्ये डोकं घालून बसला होता. असल्या वेळी त्याचा फोन नेमका फार महत्त्वाचा होतो.

"मग बदल की," आत्या म्हणाली. "नाही कोण म्हणतंय? थोरल्याकडची मोठी सीट आहे ना माळ्यावर. त्याची पोरगी त्यात वाढली, मग पोरगा वाढला. मी स्वतः कव्हर शिवलंय तिला. बाजारात तसलं मिळून दाखव."

भाचेसुनेने एकच प्रश्न विचारला. "ती सीट लावलेली असताना गाडी कधी ठोकली वगैरे नव्हती ना?"

"छे! काहीतरीच," थोरला म्हणाला. आणि चटकन उठून पाणी प्यायला गेला.

आत्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातच्या वस्तूवर संशय? चाळीस वर्षांत एक टाका सुटला म्हणून कुणी परत आलं नाही, आणि ही कालची पोर मला विचारतेय! तिने सगळ्यांसमोर भाचेसुनेला असं काही सोलून काढलं की बाळसुद्धा खेळायचं थांबलं. उधळपट्टी काढली, आजकालच्या आयांची भीती काढली, बोटं मोजणं काढलं. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळी कारखान्यात ये. तुझ्यासमोर कव्हर काढते. आत काय आहे ते डोळ्यांनी बघ, आणि मग तोंड बंद ठेव."

"येते," भाचेसून म्हणाली. तिने मदतीसाठी कुणाकडे बघितलं नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही, आणि आत्याला त्याचाही राग आला.

सकाळी दहाला ती बाळाला कडेवर घेऊन हजर. कापायच्या लांब टेबलावर थोरल्याकडून रात्रीच आणवलेली सीट मांडून ठेवलेली होती. गडद निळं कापड, कडेला पांढरी दुहेरी शिवण, कोपऱ्यात कुठे चुणी नाही. काय देखणी दिसत होती! आत्याने ती आधी नुसतीच गोल फिरवून दाखवली, दुकानदार दाखवतो तशी. मग मागचे हूक सोडले, इलॅस्टिक ओढलं, आणि कव्हर वरून खाली सोलत आणलं.

डोक्याच्या बाजूला जो पांढरा थर्माकोलचा जाड थर असतो, त्यात वरच्या कडेपासून पट्ट्याच्या खाचेपर्यंत एक भेग गेलेली होती. भेगेत पिवळा, वाळलेला गोंद होता. गोंदाची कड अंगठ्याने एका बाजूला पुसलेली. कारखान्यातल्या कुठल्याही कामावर असा पुसलेला गोंद दिसला तर कुणाचा अंगठा ते सांगायची गरज नव्हती.

आत्याला सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी थोरला सीट घेऊन आला होता, कव्हर फाटलंय म्हणाला. तिने जुनं कव्हर काढलं तेव्हा ही भेग तिला दिसली होती. कशाने पडली हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मोडलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे, दुसरं काही सुचायचंच नाही. भेग भरली, दाबून ठेवली, वर हे निळं कव्हर चढवलं आणि थोरल्याला म्हणाली होती, "बघ, सांधा सापडतोय का! आता दहा वर्षं बघायला नको."

भाचेसून भेगेकडे बघत होती. बोलली असती तर बरं, निदान आत्याला ओरडता तरी आलं असतं.

आत्याने थोरल्याला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा स्पीकर लावला. "ही सीट कशाने तडकली? आणि पुन्हा छे म्हणालास तर याद राख."

"सिग्नलला मागून एकजण धडकला होता, आत्या," थोरला म्हणाला. "डिकी पार आत गेली होती. पोरगी सीटमध्ये होती, पण तिला खरचटलंसुद्धा नाही. घरी उगाच बोभाटा नको म्हणून..."

"मेल्या! आणि काल सगळ्यांसमोर खोटं बोललास? त्या बाळाला यात बसवणार होतास?"

"खोटं कसलं? अगं, तू दुरुस्त करून दिलीस ना! तुझं काम म्हणजे काम. मग तडकलेली राहिली कुठे ती?" तो अगदी मनापासून बोलत होता. "तू ठीक म्हणालीस म्हणून तर पुढे माझ्या पोराला बसवलं."

आत्याने मध्येच फोन तोडला.

"हा थर एकदाच मार खायला असतो," भाचेसून हळूच म्हणाली. "डोक्याऐवजी तो फुटतो. त्याने पोरीसाठी आपलं काम केलं होतं, आत्या. त्यानंतर सीट बदलायची असते."

"कळतंय मला! शिकवू नकोस!" आत्या कडाडली. थोरल्याचा पोरगा तीन वर्षं या गोंदाच्या भरवशावर शाळेत, दवाखान्यात, बाजारात हिंडला होता. काही झालं नाही ही तिच्या कारागिरीची कमाल नव्हती, निव्वळ नशीब होतं. थोरला खोटारडा होताच, त्याला ती सोडणार नव्हती. पण भेग त्याने झाकली नव्हती. ती तिने स्वतः झाकली होती, आणि वर मिरवली होती.

तिने मोठी कात्री उचलली आणि सीटचे पट्टे कापायला सुरुवात केली. पट्टा चिवट होता. दात ओठ खात एकेक कापला.

"टाकायचीच आहे तर पट्टे कशाला कापताय?" भाचेसुनेने विचारलं.

"कचऱ्यातून कुणीतरी उचलेल. माझं कव्हर बघून भुलेल आणि आपलं पोर बसवेल." मग तिने निळं कव्हर पुढे ओढलं.

"ते तरी राहू द्या, आत्या. किती सुंदर आहे."

"सुंदर आहे म्हणूनच तर सहा वर्षं कुणी आत बघितलं नाही!" तिने पांढऱ्या दुहेरी शिवणीवरून कात्री चालवली. चाळीस वर्षांत स्वतःच्या हातचं तिने कधी कापलं नव्हतं. चार तुकडे करूनच ती थांबली.

तिने कारखान्याला कुलूप घातलं. "चल. बाळाच्या डोक्यावर एकच बोट राहिलंय म्हणालीस ना? मग आजच आणू. बघतेस काय, गाडी काढ."

भाचेसुनेने बाळाला लहान सीटमध्ये बसवलं, पट्टा ओढून बघितला, आणि जरा घाबरतच, म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "नवीन सीटला वरून एक कव्हर शिवून द्याल ना, आत्या?"

"मुळीच नाही!" आत्या इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकलं. मग बाळाच्या डोक्यावर, सीटच्या कडेखाली, तिने स्वतःचं एक बोट आडवं धरून बघितलं. "कंपनीचं जे असेल तेच राहू दे. आणि मी शिवते म्हणाले, तरी मला शिवू देऊ नकोस."