व्हय

“आज चहा आमच्या विहिरीच्या पाण्याचा करा की, साहेब,” म्हणत, सगळा गाव ज्यांना बाबा म्हणायचा त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने पिवळसर पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

चाकणजवळच्या त्या गावात कंपनी आणि शेतकऱ्यांची संयुक्त समिती होती. सांडपाण्याचा वाद कोर्टात न नेता बोलून मिटवायचा, असं ठरलं होतं. बैठकीत कोण काय बोललं ते लिहून घेणं माझं काम होतं. कंपनीचे मॅनेजर बोलत राहायचे आणि बाबा टोपी मांडीवर ठेवून प्रत्येक वाक्याला “व्हय” म्हणायचे. मी इंग्लिश मीडियमची. व्हय म्हणजे हो, एवढंच मला ठाऊक. मी दरवेळी लिहायचे, ‘सहमत’.

त्या दिवशी चहाच्या वेळी बाबा फोनवर सुनेचं बोलणं ऐकत होते. “व्हय. व्हय. व्हय.” आणि शेवटी शांतपणे, “न्हाई, ते जमायचं न्हाई.”

माझा चहा तसाच राहिला.

आत मॅनेजरांनी तोडगा वाचला. विहीर बुजवायची, टँकर सुरू करायचा, गावाने तक्रार मागे घ्यायची.

“व्हय,” बाबा म्हणाले. ते पुढे काही बोलणार तोच त्यांच्यासमोर पेन आलं.

“आधीच्या तिन्ही बैठकांत बाबा सहमतच आहेत,” मॅनेजर माझ्या कागदांवर बोट ठेवून म्हणाले. “हो ना, मॅडम?”

बैठकीत मी कधीच बोलत नसे.

“नाही, सर,” मी म्हणाले. “ते नुसतं ऐकत होते. मी चुकीचं लिहिलंय.”