शॉवरवरचं धोतर

आमच्या पडेगावच्या घरात शॉवर होता, पण त्याच्याखाली कुणी कधी आंघोळ केली नव्हती. दुष्काळाची वर्षं. टँकर आला की टाकी भरायची आणि पुढचा येईपर्यंत ती पुरवायची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आंघोळीचा नियमच घालून दिला होता. बांधकामातून उरलेल्या मोठ्या घमेल्यात उकिडवं बसायचं, तांब्यानं अंगावर घ्यायचं आणि साचलेलं पाणी संडासात ओतायचं. मामांच्या नंतर माझा नंबर. घमेल्याच्या कडेला त्यांच्या अंगाचा चिकट काळा थर असायचा, तो आधी बोटांनी घासून काढायचा.

शॉवरच्या दांड्याचा उपयोग एकच होता. मामा त्याच्यावर ओलं धोतर टाकायचे. बाहेर दोरीवर टाकलं की धूळ बसायची, कारण समोर नव्या कॉलनीचं काम चालू होतं आणि खडीचे ट्रक दिवसभर जायचे. धोतर नीट पिळायचं त्यांच्या हातात बळ नव्हतं आणि दुसऱ्यानं हात लावलेला खपत नव्हता. त्या ओझ्यानं दांडा हळूहळू वाकायला लागला. मी सांगितलं, "मामा, पाइप हलतोय."

"हलू दे. त्याच्यातून कोण न्हातंय?" ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात टाकी टँकरच्या आधीच संपायला लागली. मग हेच मामा मला म्हणाले, "दार लावून शॉवर सोडती व्हय गं?" मी नाय म्हटलं तर त्यांना ते खोटं वाटलं. त्यात बाथरूमच्या मागं, भिंतीला लागून, एक एरंड उगवला. आसपास सगळं करपलेलं आणि हा मेला हिरवागार. मी खिडकीतून पाणी फेकते, असा मामांनी निकाल दिला. कुणी भेटायला आलं की त्याला मागं नेऊन एरंड दाखवायचे, "बघा, सुनेची बाग."

नवरा वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे, म्हातारं माणूस आहे." काय जाऊ दे? मी केस धुणं सोडलं होतं. डोकं खाजून खाजून जीव जायचा, उशीला माझाच आंबूस वास यायचा, आणि तरी माझ्याच घरात मी पाणीचोर. पाहुण्यांच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटायची.

मग एका सकाळी मामांनी धोतर ओढलं आणि दांडा टाइलसकट बाहेर आला. शहागंजच्या हार्डवेअरवाल्यानं प्लंबर पाठवला. त्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं. मामा दारात उभे राहून त्याला बजावत होते, "हळू ठोक. हे घर मी समोर उभं राहून बांधून घेतलंय."

टाइल निघाली आणि आतून असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. पाइपभोवती सिमेंट नव्हतंच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे कागद, गुटख्याच्या पुड्या आणि कुण्या मजुराचं फाटकं बनियन आत कोंबलेलं. सगळं भिजून, कुजून काळं पडलेलं. त्यातून झुरळं निघाली, एक माझ्या पायावरून गेलं. मी रोज आंघोळीला बसत होते, त्याच भिंतीत हे सगळं सडत होतं.

"चाचा, पाइप को पकडनेवाला कुछ हैच नहीं," प्लंबर म्हणाला. "उपर वजन टांगते गये, नीचे कॉक का जोड खुल गया. पानी सीधा पीछे जा रा." आणि तो आमच्याच मोरीत पचकन थुंकला.

मागं म्हणजे एरंडाला. मी मामांकडं बघितलं. उन्हाळाभर मला चोर म्हणणारा माणूस आता तरी काही बोलेल, असं मला वाटलं होतं. "आजकालचे गवंडीच हरामखोर," ते म्हणाले आणि चहा मागितला. भिंतीची किळस येत होतीच, त्या क्षणी त्यांची जास्त आली.

नवा पाइप क्लॅम्पनं आवळला, भोवती सिमेंट भरलं, टाइल बसवली आणि सगळं वाळायला ठेवलं. ज्या दिवशी ते वापरायला मोकळं झालं, त्या सकाळी मी आत गेले तर नव्या दांड्यावर मामांचं धोतर टपटप गळत होतं.

मी ते दोन बोटांनी उचललं आणि घमेल्यात, त्यांच्याच आंघोळीच्या, अजून न ओतलेल्या पाण्यात टाकलं. घमेलं उचलून दाराबाहेर, त्यांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं. आत आले, कडी लावली, केस सोडले आणि कॉक पूर्ण उघडला. आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

बाहेर खुर्ची करकरली.

"मामा," मी आतून मोठ्यानं म्हणाले, "शॉवर सोडलाय."

मी सावकाश डोकं धुतलं.