खुर्चीखालचं नाव

निजामाच्या राजवटीत डोंगरकड्याच्या बाजूला एक जागीरदार होता. त्याला परदेशी वस्तूंची भारी हौस. हैदराबादेतल्या लिलावातून त्याने सोनेरी हातांची एक जुनी फ्रेंच खुर्ची आणली, आणि तिच्या जोडीला तशीच दुसरी हवी म्हणून हिंगोलीच्या गुलाम नबी सुताराला बोलावलं. गुलाम नबी मोहरमच्या ताबुतांवर वर्ख चढवणारा. सोनं त्याच्या बोटांचं ऐकायचं.

त्याने खुर्ची आधी उलटी केली. बैठकीखाली लाकडात अक्षरं ठोकलेली होती. कारकून पुनमचंदने वाचून सांगितलं, "बनवणाऱ्याचं नाव हाय. तिकडं कारागिराला ते ठोकावंच लागायचं म्हणे."

गुलाम नबी कितीतरी वेळ त्या नावावरून अंगठा फिरवत राहिला. बापाने, आजाने उभा जन्म लाकडात घातला. कुठं आहे त्यांचं नाव?

सागवान घडवून, वर्ख चढवून त्याने जोडी जमवली, आणि बैठकीखाली आपलं नाव कोरलं. कुणाच्या नजरेला पडणार नाही असं, बारकंसं. एवढंच त्याला हवं होतं.

खुर्ची ताब्यात घेताना जागीरदाराने ती उलटी करून पाहिली, आणि तेही त्याला खुपलं. पाहुण्यांना त्याने दोन्ही खुर्च्या फ्रान्सच्या म्हणून सांगून ठेवलं होतं. "खरवडून टाक," तो कडाडला, "अन् तिथं त्या फ्रेंचाचं नाव ठोक!" थाप मारायची याने, आणि नाव पुसायचं कुणाचं, तर सुताराचं!

"त्यानं केलं त्याच्यावर त्याचं नाव हाय, हुजूर. म्या केलं त्याच्यावर ते काहून ठोकू? मेलेल्या कारागिराच्या नावानं लबाडी म्या करणार न्हाई."

"मग दुसरा कुणी खरवडेल."

गुलाम नबीच्या घरची रीत होती, काम पुरं झालं की बनवणाऱ्याने आधी स्वतः बसून पाहायचं. हवेलीचा मान राखून त्याने ती मुकाट्याने सोडली होती. आता त्याचं डोकं फिरलं. तो सरळ जाऊन खुर्चीत बसला, धुळीच्या पायांनिशी, दोन्ही हात सोन्यावर ठेवून.

शिपायांनी त्याला मारत ओढून काढलं. पण सुतार बसलेल्या खुर्चीत जागीरदार बसतो होय? घडवणारे हात चालले, टेकलेली पाठ चालली नाही! त्याने ती खुर्ची फोडून बंबात घालायला लावली. एवढी मेहनत, एवढा वर्ख, सगळं याच्या आंघोळीच्या पाण्याखाली. अशा नादानांच्या हाती मुलूख दिला होता.

घरी बायको शरीफाने सुजलेल्या खांद्याला हळद लावत विचारलं, "अन् तुमचं नाव?"

"जळालं," गुलाम नबी म्हणाला, "पण खरवडू देलं न्हाई."