कार्मीनमावशीची होडी आणि पहिलं पान

विनीतने कार्मीनमावशीची होडी बुडवली ती कोरड्या वाळूत, आणि तीही मसुऱ्याला आपल्या ओटीवर बसून, चहा पिता पिता.

ही होडी देवबागला मावशीच्या घरासमोर माडाच्या बुंध्याशी पालथी पडलेली असते. फळ्या सुटलेल्या, आणि रंग कुठला होता ते आता तिच्याखाली राहणाऱ्या खेकड्यांनाच ठाऊक. मावशीच्या दोन खोल्यांच्या होमस्टेची वेबसाइट करताना विनीतला फोटोतली ती होडी खटकली. त्याने ती पुसली, तिच्या जागी वाळू ओढली, आणि हात चालूच होता म्हणून एक रंगीत छत्री नि दोन आरामखुर्च्याही मांडून टाकल्या. मावशीकडे छत्री एकच, काळी, आणि तिचीही एक काडी मोडलेली.

वेबसाइट सुरू झाली. विनीतने मावशीला ती फोनवर पाठवली आणि कौतुकाची वाट बघत बसला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"झिला, सगळी पानां छापून घेवन ये."

फ्रेम करून भिंतीवर लावणार असेल, असं वाटून विनीतने रंगीत छपाई केली. सावंतवाडीच्या वेबसाइट शिकवणाऱ्या क्लासात सरांनी शिकवलं होतं की गिऱ्हाईक सूचना देत असताना वाद घालायचा नाही, मान डोलवायची आणि लिहून घ्यायचं. त्यामुळे वही घेऊन, डोलवायला मान मोकळी ठेवून तो देवबागला पोचला.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. होमस्टे हा मावशीचा म्हातारपणचा उद्योग. त्याआधी चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलं. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेल्या फ्रॉकात नाहीतर ब्लाउजात बोहल्यावर किंवा अल्तारासमोर उभ्या राहिल्या. ट्रायलला आलेल्या बाईला "कसा वाटता?" एवढंच विचारून ती खडू घेऊन थांबायची. बाई "बरां आसा" म्हणाली की मावशीला संशय यायचा. "बरां म्हणणारी घराक जावन रडता," असं ती म्हणे, आणि खोदून खोदून काखेतलं घट्टपण बाहेर काढी.

तर मावशीने छापील पानं शिलाई मशीनवर पसरली, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि निळा खडू उचलला.

"नाव झकास लिवलंस," ती म्हणाली. विनीतने मान डोलवली.

"अक्षर बारीक. माणूस गाडीत बसून, उन्हात बघतलो. वाढव." खडूची रेघ.

"फोन नंबर तळाक कित्या? शर्टाचो खिसो पाठीर लावतंस?" आणखी एक रेघ, वरपर्यंत बाण.

"आणि ह्यो पाव माझो न्हय."

तो खरंच तिचा नव्हता. न्याहारीच्या पानावरचा तो फोटो विनीतने इंटरनेटवरून उचलला होता आणि त्यातला पाव बहुधा फ्रान्सचा नागरिक होता. विनीत लिहीत गेला. मनात म्हणाला, म्हातारी सरांपेक्षा बरं शिकवते.

मग मावशीने पहिलं पान पुढे ओढलं. रंगीत छत्री आणि आरामखुर्च्यांवरून तिने खडूने एक लांब बाकदार रेघ काढली, मग त्याखाली दुसरी सरळ रेघ. पालथी होडी.

"ही खंय गेली?"

विनीतची मान डोलायची थांबली. "मावशी, त्याने पान स्वच्छ दिसतं," तो कचेरीतल्या मराठीत म्हणाला. "होडी जुनी दिसत होती."

"जुनी मी पण आसंय. माझां नाव कित्या ठेवलंस?"

तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. वेबसाइट बघून आलेला एल्टनचा, तिच्या मुलाचा, निरोप होता. "मम्मी, होडी विकलंस?" खाली मावशीची तीन लांबलचक उत्तरं. त्यांच्याखाली काही नाही. त्याचं जहाज दोन बंदरांच्या मध्ये कुठेतरी, रेंजबाहेर असणार.

होडी एल्टनच्या बापाची, बाप्तिस्तची. तो गेल्यावर एल्टन जहाजावरच्या भटारखान्यात लागला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने एकट्याने ती ओढून माडाखाली पालथी घातली. म्हणाला, "मी येवन दुरुस्त करतंय. हलवू नको." त्याला पाच वर्षं झाली. सुट्टी दोनदा ठरली नि दोनदा वाटेतच विरली. मावशी दरवर्षी पावसाआधी होडी झावळ्यांनी शाकारते, सुंभाने बांधते. बंदरातून फोन आला की तब्येत, पाहुणे, मासळीचे भाव, सगळं झाल्यावर एल्टन शेवटी विचारायचा, "होडी आसा मां?" ती म्हणायची, "आसा." मग फोन ठेवायचा.

आणि विनीतने ती दोन मिनिटांत पुसली होती. वही त्याने मिटली.

"मावशे, चुकलंय मी," तो घरच्या बोलीत म्हणाला.

"मगे उसव आणि परत शिव."

जुना फोटो त्याच्याकडे होता, पण मावशीला आजचा हवा होता. तिने झावळ्या बाजूला केल्या, फडकं ओलं करून होडीची पाठ पुसली. पाहुण्याच्या चादरीसुद्धा ती इतक्या मायेने झटकत नाही. "तू पण उभी रव," विनीत म्हणाला. ती नको नको म्हणत उभी राहिली, एक हात होडीवर, आणि बघत मात्र राहिली खाडीच्या मुखाकडे.

फोटो चांगला आला. तरी विनीतमधला क्लास पूर्ण मेला नव्हता.

"आता मी एक बोलू?"

"बोल. बरां आसा म्हणू नको."

"फोटो आतल्या पानार घालूया. पयल्या पानार खोल्ये. होडी बघून अशी गिऱ्हायकां कितकी येतली, मावशे?"

मावशीने बोटांवरचा खडू झटकला.

"माका एकच होयो."